मशीन ओके आहे, मग त्रास कशाचा?

पेसमेकर बदलून घरी आलेल्या माणसाचं पहिलं दुखणं टाक्यांचं असतं आणि ते आठ-दहा दिवसांत ओसरतं. त्यानंतर ज्या तक्रारी सुरू होतात, त्यांना धड नाव नसतं. जिना चढताना दम लागतो. मानेत काहीतरी उडतं. उभं राहिलं की गरगरतं, पण रोज नाही. तपासणीला गेलं की कंपनीचा टेक्निशियन छातीवर यंत्राचा वायरवाला भाग ठेवतो, पडद्यावरचे आकडे बघतो आणि सांगतो, "काका, मशीन एकदम ओके आहे." घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. काकांचा दम मात्र तसाच.

त्या 'ओके'चा अर्थ मर्यादित असतो. बॅटरी भरलेली आहे, वायरी वीज नीट वाहून नेत आहेत, ठोका द्यायला लागणारा जोर पुरेसा आहे, एवढंच त्यातून कळतं. ते यंत्र या माणसाच्या हालचालीला, औषधांना आणि आजच्या हृदयाला जुळतंय का, हा प्रश्न त्यात आलेलाच नसतो. तो वेगळा विचारावा लागतो, आणि आपल्याकडे तो सहसा कुणी विचारत नाही.

गैरसमज : फक्त बॅटरी तर बदलली, बाकी सगळं तेच आहे

पेसमेकरची बॅटरी घड्याळातल्या सेलसारखी काढून घालता येत नाही. ती टायटॅनियमच्या सीलबंद डबीत असते आणि साधारण ८ ते १२ वर्षांनी ती आख्खी डबीच बदलतात. म्हणजे सर्किट नवं, सेन्सर नवा, प्रोग्राम नवा, कधी कधी कंपनीसुद्धा नवी. जुन्या राहतात त्या हृदयापर्यंत गेलेल्या वायरी, म्हणजे लीड.

जुन्या यंत्राच्या सेटिंग तुमच्या तक्रारींप्रमाणे वर्षानुवर्षं थोड्या थोड्या बदलत आलेल्या असतात. कमीत कमी ठोके किती, रात्री किती, चालताना किती वेगाने वाढवायचे, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या ठोक्यांत किती अंतर ठेवायचं, असं बरंच काही. नव्या डबीत हे सगळं जसंच्या तसं उतरवलं नाही, तर ती कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर चालते. यंत्रात बिघाड काहीच नसतो, आणि माणसाला मात्र बरं वाटत नाही.

चालताना ठोके वाढवण्याचंच घ्या. ज्यांच्या हृदयाचे ठोके श्रम करताना आपोआप वाढत नाहीत, त्यांच्यासाठी पेसमेकरमध्ये 'रेट रिस्पॉन्स' ही सोय असते. ती बंद राहिली, तर माणूस बसल्या जागी ठणठणीत आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पायांत गोळे. चालू असली तरी ती कुठल्या सेन्सरवर चालते, याने फरक पडतो. काही यंत्रं अंगाची हालचाल ओळखतात, काही श्वासाचा वेग आणि खोली. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला जिना चढण्यापेक्षा उतरणं जास्त मेहनतीचं वाटू शकतं, कारण उतरताना अंगाला हिसके जास्त बसतात. व्यायामाच्या सायकलवर छाती स्थिर असते, म्हणून तिथे तो ढिम्म राहतो. आणि घाटातल्या खड्ड्यांवरून एसटी जाऊ लागली की खिडकीशी नुसत्या बसलेल्या माणसाचे ठोके वाढवून ठेवतो. आधीचा पेसमेकर श्वासावर चालणारा आणि आताचा हालचालीवर चालणारा असेल, तर "पूर्वी असं होत नव्हतं" हे काकांचं म्हणणं शब्दशः खरं असतं.

दुसरी गोष्ट वरच्या मर्यादेची. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली संदेश पोचत नाही अशा रुग्णात पेसमेकर वरच्या कप्प्याचा ठोका ऐकून खालच्याला ठोका देतो, पण एका ठरावीक वेगापर्यंतच. ती मर्यादा कमी ठेवलेली असेल आणि माणूस झपझप चालू लागला, तर यंत्र काही ठोके सोडून देऊ लागतं. काही सेटिंगमध्ये तर खालच्या कप्प्याचे ठोके एकदम निम्म्यावर येतात. चालता चालता अचानक अंगातलं बळ जातं, थांबलं की परत बरं वाटतं. खाटेवर आडवं झोपवून केलेल्या तपासणीत हे दिसणार कसं? टेक्निशियनला सांगून कॉरिडॉरमध्ये चालायचं, जमलं तर एक जिना चढायचा आणि तिथेच ठोके बघायला लावायचे. याला खर्च काही येत नाही.

मानेत उडण्याचंही असंच एक कारण आहे. वरचा आणि खालचा कप्पा यांचा ताळमेळ सुटला, तर वरचा कप्पा बंद झडपेवर आकुंचन पावतो आणि रक्त मागे मानेच्या शिरांत ढकललं जातं. मानेत धडधड, दम, थकवा, कधी चक्कर. याला 'पेसमेकर सिंड्रोम' म्हणतात आणि बऱ्याचदा तो सेटिंग बदलून सुधारतो.

म्हणून पेसमेकर बदलण्याआधीच्या शेवटच्या तपासणीचा प्रिंटआउट जपून ठेवावा आणि नव्याच्या प्रिंटआउटशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावा. एक सावधगिरी मात्र हवी. बॅटरी संपत आल्याची खूण आली की काही मॉडेल वीज वाचवण्यासाठी आपोआप साध्या, एकाच कप्प्याच्या पद्धतीवर जातात. त्या दिवसांतला कागद तुलनेला उपयोगाचा नाही, त्याच्या आधीचा हवा. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे आलेला आणि उन्हाच्या माथी मारलेला थकवाही कधी कधी याचाच असतो.

गैरसमज : नाडी ६०च्या खाली दिसली म्हणजे पेसमेकर बंद पडला

बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, ४२ आकडा बघायचा आणि मुलाला ऑफिसात फोन करायचा, हे अनेक घरांत घडतं. ऑक्सिमीटर आणि बीपीचं डिजिटल मशीन हृदयाची वीज मोजत नाहीत, बोटापर्यंत किंवा दंडापर्यंत पोचलेली रक्ताची लाट मोजतात. हृदयाने मध्येच एखादा आगाऊ ठोका टाकला, तर तोवर कप्पा पुरता भरलेला नसतो आणि त्या ठोक्याची लाट बोटापर्यंत पोचतच नाही. पेसमेकर मात्र तो ठोका मोजतो आणि आपली पाळी सोडतो. एकाआड एक असे ठोके आले की हृदय ८० वेळा हलतं आणि बोटावर ४० दिसतात. शिवाय रात्रीचा किंवा विश्रांतीचा वेग मुद्दाम ५० ठेवलेला असू शकतो.

याचा अर्थ आकडा सोडून द्यावा असा नाही. त्याच वेळी ईसीजी काढला की उत्तर मिळतं. आगाऊ ठोके फार असतील तर त्यांच्यावरही उपचार असतात. आणि आकड्यासोबत डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, तर थेट रुग्णालय.

गैरसमज : वायरींना हात लावला नाही, म्हणजे त्यांचा प्रश्न नाही

जुन्या लीड डबीतून काढून नव्या डबीत बसवतात आणि बारीक स्क्रू आवळतात. तो स्क्रू सैल राहिला किंवा लीडचं टोक पूर्ण आत गेलं नाही, तर ठोका मधूनमधून पोचत नाही, बहुधा हात एका विशिष्ट बाजूला नेल्यावर. वरच्या फडताळातला डबा काढताना गरगरतं आणि एरवी काही नाही, असं सांगणाऱ्या बाईंना हसू नये. दहा-पंधरा वर्षं जुन्या वायरीचं आवरण विरलेलं असेल, तर तिच्यातली खरखर यंत्राला हृदयाचा ठोका वाटते आणि ते स्वतः गप्प बसतं. एक्स-रे आणि हात हलवत घेतलेला ईसीजी यातून या गोष्टी पकडता येतात. छातीत किंवा खांद्यात स्नायू उडणं, न थांबणारी उचकी, हेही वीज भलतीकडे जात असल्याचं लक्षण असू शकतं.

दम लागण्याचं एक कारण मात्र शस्त्रक्रियेशी संबंधितच नसतं. उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून वर्षानुवर्षं ठोका दिल्यामुळे काही रुग्णांचं हृदय हळूहळू अशक्त होतं. दोष नव्या डबीला दिला जातो, झीज जुनी असते. पेसमेकर बदलण्याच्या सुमारास इको झाला नसेल, तर तो करून घ्यावा.

गैरसमज : काही सापडलं नाही, म्हणजे मनाचे खेळ

आठवड्यातून एकदा होणारा त्रास २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर बांधून ठेवायच्या ईसीजीमध्ये, सापडला नाही, तर त्या होल्टरने काहीच सिद्ध केलेलं नसतं. पेसमेकरची स्मृतीही निवडक असते. कुठल्या घटना नोंदवायच्या हे ठरवून दिलेलं असतं आणि रक्तदाब तर त्याला कळतच नाही. त्यामुळे वही ठेवा. तारीख, घड्याळातली नेमकी वेळ, तेव्हा काय करत होता, किती वेळ टिकलं. "कधी कधी गरगरतं" या वाक्याचं डॉक्टरला काही करता येत नाही. "मंगळवारी सकाळी ७.१०, अंथरुणातून उठताना, दोन मिनिटं" याची यंत्रातल्या नोंदीशी गाठ घालता येते.

आणि दोष पेसमेकरबाहेरही शोधायला हवा. ठोके आता मंदावणार नाहीत म्हणून डॉक्टर कधी कधी बीटा ब्लॉकरचा डोस वाढवतात, आणि थकवा त्या गोळीचा असतो. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी सोडियम उतरतं, प्रोस्टेटच्या काही औषधांनी उभं राहताच रक्तदाब पडतो. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोडियम आणि आडवं-उभं असा दोन्ही वेळचा रक्तदाब, ही तपासणी कुठल्याही तालुक्याच्या गावी होते. मला वाटतं, "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य या चार तपासण्यांनंतरच उच्चारायची परवानगी असावी. भीती असतेच, झोपही उडते, आणि तिच्यावर उपचार जरूर घ्यावेत. पण एकाच माणसाला भीती आणि सैल स्क्रू, दोन्ही असू शकतात.

गैरसमज : दुसऱ्या वेळचं ऑपरेशन किरकोळ

वेळ कमी लागतो हे खरं. पण जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा बदलताना जास्त असतो, आणि तो कधी कधी महिन्यांनंतर डोकं वर काढतो. जागा लाल होणं, गरम लागणं, कातडी पातळ होऊन डबीची कड दिसू लागणं यावर घरच्या घरी हळद नको आणि ओळखीच्या कंपाउंडरने सुई घालून पाणी काढणं तर मुळीच नको. सुईनेच जंतू आत जातात. डबीपर्यंत पोचलेला संसर्ग नुसत्या गोळ्यांनी जात नाही. बहुधा डबी आणि वायरी दोन्ही काढाव्या लागतात.

धोका आहे म्हणून धसका घ्यावा असंही नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ज्यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला, त्या आर्ने लार्सन यांचं ते यंत्र काही तासच चाललं. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बसवावे लागले. ते २००१ मध्ये, ८६व्या वर्षी गेले, आणि तेही कर्करोगाने.

उरलेले गैरसमज थोडक्यात. हात महिनोन्महिने छातीशी धरून ठेवला तर खांदा आखडतो आणि नवंच दुखणं मागे लागतं. नव्या डबीवर 'एमआरआय चालेल' असं लिहिलेलं असलं तरी जुन्या लीडही त्या जातीच्या असाव्या लागतात, म्हणून एमआरआयआधी दोन्हींची माहिती द्यावी. मायक्रोवेव्हची भीती नको. मोबाइल वरच्या खिशात न ठेवता १५ सेंटीमीटर लांब ठेवावा आणि इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावं.

शुद्ध हरपणं, बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, थंडी वाजून ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, पेसमेकरच्या बाजूचा हात सुजणं, यांसाठी मात्र वही भरत बसू नये. पेसमेकरचं कार्ड खिशात घालून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, आणि कार्ड नव्या यंत्राचंच आहे ना हे निघताना बघून घ्यावं.