हस्तलिखिताचे पुस्तक होताना

प्रकाशकाने होकार दिला की पुस्तक झालेच, असा नवोदित लेखकांचा समज असतो. प्रत्यक्षात खरे काम त्यानंतर सुरू होते. पहिला टप्पा संपादनाचा. 'मौज'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी तपशिलात चर्चा करून पुनर्लेखन करवून घेत. आता संपादन म्हणून पुष्कळदा केवळ मुद्रितशोधनच होते, तेही घाईने!

युनिकोडमधील मजकूर मांडणीसाठी जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. त्यामुळे मूळ प्रत निर्दोष असली तरी मुद्रिते पुन्हा वाचावीच लागतात. पुढे मुखपृष्ठ, आयएसबीएन क्रमांक (तो भारतात विनामूल्य मिळतो) आणि छपाई. पाने बहुधा सोळांच्या फर्म्यात बसवतात. म्हणून अखेरीस काही पाने कोरी दिसतात.

या साऱ्यात दुर्लक्षित राहतो तो करार. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. मात्र 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असे शब्द असतील, तर मुदतीचे हे संरक्षण उरत नाही. अनुवाद, ई-बुक, श्राव्य पुस्तक, चित्रपट या प्रत्येक हक्काचा स्वतंत्र उल्लेख लेखकाने मागावा. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीवर, हेही सही करण्यापूर्वीच विचारलेले बरे.