काटा मधोमध आहे, मग काळजी कसली?

डॅशबोर्डवरचे काटे खरंच बोलतात असा आपल्या सगळ्यांचा एक भाबडा समज असतो. पेट्रोलचा काटा थोडीफार फसवाफसवी करतो हे मित्राची बाइक उसनी घेतलेल्या प्रत्येक होस्टेलवाल्याला माहीत आहे. पण टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर? तिथे काटा मधोमध दिसला की आपण निश्चिंत. या लेखाचा विषय नेमका तो मधला काटा आहे. आणि जोडीला एक प्रश्न : कंपनीचे काटे पुरत नाहीत म्हणून बाजारातून वेगळे गेज आणून गाडीत बसवावेत का?

विषय निघाला तो माझ्या आतेभावामुळे. दादा मिशिगनला असतो. एमएस करून नोकरीला लागल्यावर त्याने पै-पै साठवून १९९६ ची माझदा एमएक्स-५ घेतली. तिकडे तिला मियाटा म्हणतात. दोन सीट, उघडं छत, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना पॉवर. १९८९ साली ही गाडी बाजारात आली आणि स्वस्तातली स्पोर्ट्स कार म्हणून जगभर गाजली. दादाला ती ट्रॅकवर न्यायची होती. त्याआधी तीन गेज बसवायचे असं त्याच्या डोक्यात होतं. "तू मेकॅनिकलचा ना रे, सांग कुठले घेऊ?" खिशात तीनशे डॉलर, आणि इंजिन बसलं तर दुसरं आणायची ऐपत नाही. म्हणजे प्रश्न हौसेचा असला तरी उत्तर जबाबदारीने द्यायला हवं होतं.

मूळ काटे काय सांगतात?

या गाडीत स्पीड, आरपीएम, पेट्रोल, टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर असे पाच काटे कंपनीकडूनच येतात. मग कमी काय आहे? गंमत इथेच आहे. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा गेज खरा होता. सेंडरचा रेझिस्टन्स दाबाप्रमाणे बदलायचा आणि काटा त्याप्रमाणे हलायचा. १९९५ पासून त्या जागी स्विचवर चालणारी व्यवस्था आली. थोडासा दाब तयार झाला की स्विच बदलतो आणि काटा मधोमध येऊन उभा राहतो. दाब ६० पीएसआय असो की १२, काटा तिथेच! थोडक्यात तो काट्याच्या वेषातला दिवा आहे.

टेंपरेचरचा काटा खरा आहे, पण मुद्दाम सुस्त ठेवलेला. इंजिन गरम झालं की तो मध्याजवळ येतो आणि बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळपास हलत नाही. यामागचं तर्कशास्त्र समजण्यासारखं आहे. चढावर, ट्रॅफिकमध्ये, फॅन चालू-बंद होताना कूलंटचं तापमान पाच-दहा अंश वर-खाली होतंच. प्रत्येक वेळी काटा हलला तर सामान्य माणूस घाबरून गॅरेज गाठेल. रोजच्या वापराला हे ठीक आहे. ट्रॅकवर मात्र काटा हलायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

तीन प्रश्न

दादाला मी कुठलाही गेज सुचवण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगितले. एक, हा आकडा बदललेला दिसला तर मी नेमकं काय करणार? दोन, हीच माहिती दुसरीकडून फुकटात मिळते का? तीन, गेज बसवताना नवीन बिघाडाला जागा तयार होते का? आता एकेक उमेदवार बघू.

ऑइल प्रेशर : तेलाचा पंप पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट प्रकारचा, म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं तेल जास्त ढकलणारा. त्या तेलाला बेअरिंगच्या बारीक फटींतून जावं लागतं, त्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. तेल तापून पातळ झालं, बेअरिंग झिजून फट वाढली किंवा तेलाची पातळी उतरली, की दाब घसरतो. गरम इंजिनात दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय हा मेकॅनिक मंडळींचा ढोबळ नियम. ट्रॅकवर लांब वळणात तेल संपमध्ये एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडू शकतं. त्या क्षणी बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटतो. आकडा घसरला तर काय करायचं हे स्पष्ट आहे : क्लच दाबा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. पहिल्या प्रश्नात हा उमेदवार पास.

कूलंटचं तापमान : थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल, वर सुमारे १ बारचं प्रेशर कॅप, असं असेल तर उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे १०० चा आकडा दिसला म्हणून धाबं दणाणायचं कारण नाही; तो एकसारखा चढत राहिला तर मात्र वेग कमी करायचा. पण इथे दुसरा प्रश्न आडवा येतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. एक स्वस्त रीडर लावला की कूलंटचं खरं तापमान अंशांत मोबाइलवर दिसतं. एकही वायर कापायची गरज नाही. ऑइल प्रेशर मात्र त्या रीडरवर मिळत नाही, कारण गाडीत ते मोजणारा सेन्सरच नाही.

व्होल्टमीटर : इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे अल्टरनेटर ठीक. हे तर दहा मिनिटांत मल्टिमीटरने तपासता येतं. जुन्या बुलेटच्या हेडलाइटपाशी ॲमीटर असायचा, तो मात्र या गाडीत नकोच. सगळा चार्जिंग करंट त्यातून न्यावा लागतो, आणि जाड वायर डॅशबोर्डमागे घासली की आगीला आमंत्रण.

बूस्ट गेज आणि वाइडबँड : टर्बो नसेल तर बूस्ट गेज म्हणजे बिनकामाचा दागिना. वाइडबँडचं तसं नाही. गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच धड सांगतो. वाइडबँड नेमका आकडा देतो. पण तो बघून काही बदलायचं तर ईसीयू ट्यून करता यायला हवा. दादाची गाडी मूळ अवस्थेत आहे. दोघेही नापास.

बसवणं हीच खरी परीक्षा

आता तिसरा प्रश्न. मेकॅनिकल गेजमध्ये आपल्या लॅबमधलीच बोर्डन ट्यूब असते. युजेन बोर्डनने १८४९ साली पेटंट घेतलेली. व्हायव्हाला सगळ्यांना येते. पण गाडीत तिच्यापर्यंत गरम तेलाची बारीक नळी केबिनमध्ये आणावी लागते. ती फुटली तर उकळतं तेल थेट पायावर! म्हणून इलेक्ट्रिक सेंडर बरा, त्यात केबिनपर्यंत येतात त्या फक्त वायरी.

दुसरी खोच आट्यांची. जपानी इंजिनांवर सेंडरला बहुधा १/८ बीएसपीटी आटे असतात, तर अमेरिकेत मिळणारे बरेच सेंडर १/८ एनपीटी. एकात इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन, दुसऱ्यात २७ आटे आणि ६० अंश. हाताने दोन-तीन आटे छान बसतात आणि माणूस फसतो. पुढे पाना लावून जोर केला की आटे सोलले जातात आणि तिथून तेल झिरपायला लागतं. ॲडाप्टर घ्यायलाच हवा. तिसरी खोच : वजनदार सेंडर पितळी टी-जॉइंटवर लटकवला तर इंजिनच्या थरथरीने जॉइंटला फटिग क्रॅक जाऊ शकतो. सेंडर बॉडीवर पक्का बसवायचा आणि मधे जाळीची होज टाकायची. एका वायरचा सेंडर असेल तर त्याचं अर्थिंगही वेगळं द्यायचं, नाहीतर आकडे खोटे. खोट्या काट्याला कंटाळून दुसरा खोटा काटा बसवण्यात काय अर्थ?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बघणारा. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. वळणात डोळे रस्त्यावर हवेत, की ५२ मिलिमीटरच्या तबकडीवर? म्हणून रेसिंगवाले गेज असे फिरवून बसवतात की सगळं ठीक असताना सगळे काटे सरळ वर दिसतात. एखादा वाकडा झाला की नजरेच्या कोपऱ्यातही खटकतो. त्याच्याही पुढे जाऊन ते एक मोठा लाल दिवा लावतात. १५ ते २० पीएसआयच्या खाली दाब गेला की दिवा पेटतो. सिग्नलला गरम इंजिन आयडलवर असताना तो लुकलुकेल, पण ट्रॅकवर पेटला तर विचार करत बसायचं नाही.

निकाल

तिनातला एकच गेज घ्यायचा, ऑइल प्रेशरचा, आणि सोबत लाल दिवा. तापमानासाठी ओबीडी रीडर. उरलेले पैसे रेडिएटर, होज आणि ताज्या तेलात घालायचे. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी वयाने तपकिरी पडली असेल तर ती कधी तडकेल याचा नेम नाही. शिवाय कूलंट गळून गेल्यावर सेन्सर कोरडा पडला तर तापमानाचा आकडासुद्धा भरवशाचा राहत नाही. दादा थोडा हिरमुसला. तीन तबकड्या ओळीने दिसतात छान, हे मलाही मान्य आहे. पण त्याने यादी बदलली.

गेज इंजिन वाचवत नाही. गेज बघून वेळेवर चावी फिरवणारा माणूस वाचवतो. हे आपल्या वर्कशॉपलाही लागू आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला कंप्रेसरच्या गेजवरचा आकडा जर्नलमध्ये उतरवण्याआधी एक करा. हवा सोडून दिल्यावर तो काटा शून्यावर येतो का, ते बघा. आला नाही तर आकडा उतरवू नका, सरांना बोलवा.