बुंदेलखंडचा राजपुत्र, मालवणचं शिवणकाम

शाळेचं गॅदरिंग असो की शिमग्यातलं सोंग, आपल्याकडे वेशभूषेची यादी ठरलेली असते. मावळा, कोळीण, भाजीवाली, चार्ली चॅप्लिन. आणि ऐन वेळी काहीच जमलं नाही तर डोक्याला पट्टी गुंडाळून ‘पेशंट’. हल्ली त्यात बाजारात तयार मिळणारा स्पायडरमॅन आला. पण समुद्राकाठच्या माणसाला जुन्या विज्ञानकथेतला नायक व्हायचं असेल, तर त्याला एकच माणूस शोभतो, कॅप्टन नेमो. पाणबुडी त्याची, समुद्र त्याचा आणि जन्माने तो भारतीय. शिवाय पठ्ठ्याचे कपडेही घरीच बनलेले. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यात भारी आहे, पण आधी त्याचं गाव-घराणं बघू.

नायकाचा सातबारा

ज्यूल व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ १८६९-७० मध्ये फ्रेंच नियतकालिकातून क्रमशः आली. तिच्यात नेमो आपलं मूळ कुणालाच सांगत नाही. ते कळतं १८७४-७५ च्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये. हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, प्रिन्स डाकार, नात्याने टिपू सुलतानाचा भाचा. दहाव्या वर्षी शिकायला युरोपात गेला, तिशीत परतला, १८५७ च्या लढ्यात उतरला आणि सगळं गमावल्यावर समुद्राखाली निघून गेला. बुंदेलखंडाचं घराणं टिपूच्या नात्यात कसं आलं, हे व्हर्नला विचारायला आता उशीर झाला आहे. दोन्ही कादंबऱ्यांतल्या तारखांचा घोळ तर विचारूच नका.

गंमत म्हणजे नेमो आधी भारतीय नव्हताच. व्हर्नच्या मनात होता तो रशियनांविरुद्ध उठलेला, घरदार उद्ध्वस्त झालेला पोलिश सरदार. प्रकाशक हेत्झेलने नकाराची मान हलवली, कारण रशियात पुस्तकं खपत होती. म्हणजे आपला राजपुत्र आपल्याला मिळाला तो प्रकाशकाच्या हिशेबाच्या वहीमुळे. पुढे १८८० मध्ये व्हर्नने ‘द स्टीम हाउस’ लिहिली. तिच्यात वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती आहे आणि चक्क आपले नानासाहेब पेशवेही आहेत. पण हत्ती घरी करायचा म्हणजे अंगणही मोठं लागतं. नेमोच बरा.

फेटा उतरवा

भारतीय राजपुत्र म्हटलं की पहिला हात फेट्याकडे जातो. हा फेटा नंतरच्या मंडळींनी चढवलेला आहे. २००३ च्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ या चित्रपटात आपले नसीरुद्दीन शाह नेमो झाले, ते भरघोस दाढी आणि पगडी घेऊन. त्याआधी १९५४ च्या डिस्नेपटात जेम्स मेसन दाढी ठेवून आला होता, पण त्याच्यात भारतीय काहीच नव्हतं. १९७३ मध्ये ओमर शरीफनेही हे काम केलं.

कादंबरीत मात्र नेमो पहिल्यांदा दिसतो तो समुद्री ऊदमांजराच्या कातड्याची टोपी आणि सीलच्या कातड्याचे बूट घालून. कपाळ रुंद, नाक सरळ, डोळे एकमेकांपासून जरा लांब. वय पस्तीस की पन्नास, हे पाहणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे चाळिशीतल्या हौशी काकांनाही ही भूमिका चालून जाते. टोपीसाठी कातडं शोधू नका. जुनी माकडटोपी उलटी करून तिला तपकिरी मखमलीचा काठ लावला, तरी लांबून काम भागतं.

माकलाची शाई, शिंपल्याचं रेशीम

आता मुद्द्याचं. नेमोने जमिनीशी संबंध तोडलेला. त्यामुळे नॉटिलस या त्याच्या पाणबुडीवर जे काही आहे ते बहुतेक समुद्रातलं. तो पाहुण्या प्रोफेसरला अभिमानाने सगळं दाखवतो. कपड्याचं सूत शिंपल्यांच्या तंतूंचं, रंग समुद्री गोगलगायींचा, गादी समुद्रगवताची, लेखणी देवमाशाच्या हाडासारख्या पट्टीची, शाई माकलाची. साखर शेवाळाची आणि सिगारसुद्धा समुद्री वनस्पतीची!

यातलं शिंपल्याचं रेशीम थाप वाटते, पण खरं आहे. भूमध्य समुद्रातला पिना नावाचा हातभर लांब शिंपला तळाला धरून राहण्यासाठी बारीक सोनेरी तंतू सोडतो. ते विंचरून, कातून शतकानुशतकं मोजे-हातमोजे विणले जात. आपल्याकडे खडकावरचे हिरवे शिंपले साफ करताना जी काळपट दाढी ओढून काढावी लागते, ती याच रेशमाची गरीब चुलत बहीण. ती ओढताना बोटं सोलवटतात, हे मालवणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात विचारा. तिचं सूत कातायच्या भानगडीत मात्र पडू नका. एका सदऱ्यासाठी अख्ख्या गावाला वर्षभर शिंपलेच खावे लागतील.

रंगाची कथा त्याहून खर्चीक. नेमोच्या कपड्यांचा जांभळा रंग म्हणजे रोमन सम्राटांचा. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने तो काय आहे हे शोधायचं ठरवलं, तेव्हा १२,००० गोगलगायींतून त्याला मिळाला जेमतेम १.४ ग्रॅम रंग. एवढं करून उत्तर काय निघालं? आपल्या निळीचाच भाऊ, फक्त त्यात ब्रोमीन जास्तीचं.

मालवणात जांभळ्याची सोय झाडावर आहे. रातांब्याच्या साली उकळून त्या पाण्यात सुती सदरा रात्रभर भिजवला की लालसर जांभळी छटा येते. एकच अडचण. हा रंग पक्का नाही, साबण लागला की निळसर-हिरवट पडतो. म्हणून सोंग उतरल्यावर सदरा दाखवायला ठेवा, धुवायला टाकू नका. पक्का तपकिरी हवा असेल तर जुन्या रापणकरांचा उपाय आहे. नायलॉन यायच्या आधी सुती जाळी टिकावीत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून ठेवत. ऐनाची साल त्यासाठी प्रसिद्ध. तो रंग जाळ्याला लागला की जाळं फाटेपर्यंत सोडत नसे.

शाईसाठी माकूल साफ करताना ती काळी पिशवी फोडू नका, अलगद वाटीत काढा. ओट्यावर फुटली तर पुढचं संभाषण नेमोच्या उंचीचं राहत नाही.

(नेमोच्या ताटात कासवाचं मांस आणि डॉल्फिनचं काळीजही असतं. आज वेंगुर्ल्याच्या वायंगणी किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारी माणसं आहेत, आणि १९७२ चा वन्यजीव कायदाही आहे. वेशभूषा ताटापर्यंत नेऊ नये.)

डोक्यावरचा बंब

सदरा झाला, पण गर्दी जमते ती शिरस्त्राणाला. व्हर्नने पाण्याखालचा पोशाख नेमका सांगितला आहे. शिवण नसलेल्या रबराचा अंगरखा, छातीवर तांब्याच्या पट्ट्या, शिशाच्या तळाचे बूट, गळ्याशी आटे असलेली तांब्याची पट्टी आणि तिच्यावर फिरवून बसवायचा तांब्याचा गोळा. त्याला जाड काचेच्या तीन खिडक्या.

मोठा फुगा घ्या. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडा, कापू नका. फाटलेली कड चांगली चिकटते. मैद्याची खळ शिजवा. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका, हे तोंडाजवळ येणार आहे. एक थर उभा, एक आडवा, आणि प्रत्येक थर पुरता वाळल्याशिवाय पुढचा नाही. श्रावणात करायला घेतलंत तर नेमो नाही, बुरशी तयार होईल. संक्रांतीनंतर हात घाला, शिमग्यापर्यंत खडखडीत.

फुगा फोडला की डोकं जाईल एवढं बूड कापा. खिडक्यांच्या कडांना चार इंची पीव्हीसी पाइपच्या चकत्या बसतात. पुढची खिडकी उघडीच ठेवा, बाजूच्या दोघींना पारदर्शक फाइलचं प्लास्टिक चालेल. बोल्ट म्हणून सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले चिकटवा. पाणबुड्यांच्या खऱ्या शिरस्त्राणांत बारा बोल्टांचा नमुना सगळ्यात ओळखीचा. गळ्याची पट्टी पोफळीच्या विरीची करा. झावळीच्या बुडाचं ते रुंद साल पाण्यात भिजवलं की कातड्यासारखं वाकतं, खांद्यावर ठेवून सावलीत वाळवलं की तसंच ताठ राहतं.

रंगासाठी गणपतीच्या शाळेतल्या माणसाला गाठा. फेब्रुवारीत त्याला थोडी उसंत असते. आधी काळपट तपकिरी हात, वर तांब्याचा रंग कोरड्या ब्रशने नुसता घासून, आणि बोल्टांच्या कडेला काथ्याच्या झुबक्याने हिरवट ठिपके. तांब्याला चढलेला तो कळंक दिसला की कागदाचं शिरस्त्राण एकदम शंभर वर्षं म्हातारं होतं. ही शेवटची पायरी गाळणारे लोक सोनेरी कलिंगड घालून फिरताना मी पाहिले आहेत.

वाटेत कुणीतरी विचारणारच, “रे, बंब डोक्यार घेवन खंय चललंस?” उत्तर तयार ठेवा.

खरा पोशाख किती जड?

१९१६ पासून अमेरिकन नौदलाने वापरलेला मार्क ५ घ्या. शिरस्त्राण आणि छातीची पट्टी मिळून सुमारे २५ किलो, एकेक बूट आठ किलोच्या आसपास, शिशाचा पट्टा ३८ किलोचा. सगळं मिळून एका धडधाकट माणसाचं वजन. कारण सोपं. हवेने फुगलेला माणूस बुडतच नाही, त्याला मुद्दाम बुडवावा लागतो. आपल्या पागाच्या जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवतात ते याचसाठी. तुमच्या पोशाखाला शिसं नको. शेतातले गमबूट, त्यांच्या तळाला जुन्या टायरची चकती, वर राखाडी रंग. चाल आपोआप जड पडते.

पाठीवरची पेटी

नेमोच्या पाठीवर हवेची पेटी आहे, वर जहाजाला जोडलेली नळी नाही. ही व्हर्नची कल्पना नव्हे. बनुआ रुकेरॉल हा खाणींतला इंजिनिअर आणि ओग्युस्त देनेरूझ हा नौदलातला लेफ्टनंट, या दोन फ्रेंच माणसांनी असं यंत्र खरंच बनवलं होतं. व्हर्नने कादंबरीत त्यांची नावंही घेतली आहेत. श्वास ओढाल तेव्हाच हवा सोडणारी झडप, ही त्यातली हुशारी. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी तीच कल्पना नव्याने उभी केली. आज तारकर्लीला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाण्यात स्कूबाला उतरताना दातांत धरता तो रबरी तुकडा त्याच झडपेचा वंशज. घरच्या नेमोला रिकामा पत्र्याचा डबा आणि बागेतली पाइप पुरे. सोंगातल्या पेटीत लाडू मावतात, ही खऱ्या पेटीत नसलेली सोय.

फुटकळ, पण सांगायलाच हवं

वीस हजार लीग्ज ही खोली नव्हे, प्रवासाचं अंतर. चार किलोमीटरची लीग धरली तर ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळपास दोन प्रदक्षिणा.

हातात काही हवं असेल तर काळा झेंडा आणि त्यावर सोनेरी ‘एन’. नेमो तो दक्षिण ध्रुवावर रोवतो. अमुंडसेन तिथे पोचला १९११ मध्ये, त्याच्या चाळीस वर्षं आधीच व्हर्न कागदावर जाऊन आला होता.

नॉटिलस आपल्या बाजूलाही येते. सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांपाशी नेमो एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कच्या तोंडातून सोडवतो, वर मोत्यांची पिशवी देतो. मग लक्षद्वीपच्या बेटांवरून थेट ओमानच्या आखाताकडे. म्हणजे कोकण किनारा उजव्या हाताला टाकून पसार! मालवणात थांबला असता तर माकलाचं सुकं तरी खाल्लं असतं.

नेमोचं नाव समुद्रावर कोरलेलंही आहे. दक्षिण पॅसिफिकमधला पॉइंट नेमो जमिनीपासून सगळ्यात लांब. सर्वात जवळची बेटं २,६८८ किलोमीटरवर. जानेवारी २०२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी तिथून शिडाची तारिणी नेली. ही बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, आणि त्या निघाल्याही गोव्यातूनच.

मिरवायचं कुठे?

शाळेच्या स्टेजवर तीन मिनिटं मिळतात, त्यात शिरस्त्राण चढवण्यातच दोन जातात. शिमगाच योग्य. सोंग घेऊन दारोदार शबय मागायला बंबवाला आला, तर कोण नाही म्हणेल? कुडाळजवळच्या नेरूरच्या रोंबाटात तर दैत्य-राक्षस माणसाच्या कितीतरी पट उंच निघतात, तिथे नेमो किरकोळ ठरेल.

आणि सोबतीला दशावतारातला संकासुर घ्या. काळी कफनी, काळं तोंड, लोंबणारी लाल जीभ आणि ठसकेबाज मालवणी. ब्रह्मदेवाचे वेद पळवून समुद्रात दडणारा हा गडी नेमोच्या किती आधी पाण्याखाली गेला! त्याचाही पोशाख घरचाच, पेटाऱ्यातला, रंगभूषा ज्याची त्याने करायची. नेमोला वेद नकोत, त्याच्याकडे बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय आहे. संकासुराने ते पळवायचा घाट घातला, तर मत्स्यावतार येईपर्यंत अर्ध्या तासाचा आख्खा प्रवेश उभा राहतो. कुणीतरी लिहाच.

एक सावधगिरी. कागदाचं शिरस्त्राण घालून पाण्यात उतरायचं नाही, आणि मार्चच्या उन्हात दर थोड्या वेळाने ते काढून श्वास घ्यायचा. लहान मुलांच्या बाबतीत पुढची खिडकी मोठीच कापा. आणि गल्लीतल्या पोरांनी “मी नेमो” ऐकून पांढरे पट्टे कुठे आहेत असं विचारलं, तर बिचाऱ्यांवर चिडू नका. तो माशाचा सिनेमाही नेमका २००३ चाच, नसीरुद्दीन शाहांच्या पगडीच्या वर्षातला; आणि पोरांनी त्यातला कुठला पाहिला असणार, हे काही सांगायला नको.