भाजीच तर आहे!

रमजानमध्ये मधुमेही रोजेदार भात-पोळी कमी करतात, खजूरही मोजून घेतात. मात्र बटाट्याचे समोसे आणि आलू-गोश्त ‘भाजीच तर आहे’ म्हणून ताटात येतात. हिशेब तिथे चुकतो. १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात, रताळ्यात २०, मटारमध्ये १४. कोबी-फ्लॉवरमध्ये ती ५ ते ६ ग्रॅम, तर दुधी-पालकात त्याहून कमी. गाजर आणि बीट मधले, सुमारे १० ग्रॅम. कोशिंबिरीपुरते ते खुशाल घ्यावेत.

बटाटा वर्ज्य नाही, पण त्याला पोळीच्या वाट्यात धरा. बटाटा वाढला, तर पोळी कमी करा. गोश्तमध्ये बटाट्याऐवजी दुधी घाला. हजरत पैगंबर (स.) यांना दुधी आवडत असे. एका शिंप्याकडच्या जेवणात ते थाळीतल्या दुधीच्या फोडी शोधून खात होते, असे हदीसमध्ये आले आहे.

सहेरीला मात्र कर्बोदके पूर्ण बंद करू नयेत. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दुपारनंतर एकदम उतरू शकते. औषधाच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. घाम, थरथर जाणवली तर लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, तर रोजा सोडा. आजारी माणसाला कुरआननेच ही सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?