चेहरा सांगत नाही

काल संध्याकाळी सातचा पाढा घडाघडा म्हटला, आज वर्गात ‘सात त्रिक’लाच गाडी अडली. बाईंना वाटतं, मुद्दाम करतोय. घरी मार बसतो. उद्या पुन्हा तेच.

आई पोटुशी असताना दारू प्यायल्यानं ज्यांचं असं होतं, अशा मुलांसाठी 1999 पासून 9 सप्टेंबर हा दिवस जगभर पाळला जातो. नवव्या महिन्याची नववी तारीख, गरोदरपणाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून. पोटुशी असताना दारू वाईट, हे आपण ऐकतोच. मला बोलायचंय ते चेहऱ्याबद्दल.

नाकाखाली बोट ठेवून पाहा. वरच्या ओठापर्यंत एक पन्हळ उतरलेली लागेल. गर्भात दारूचा मारा झालेल्या काही मुलांमध्ये ती सपाट असते, वरचा ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी आखूड. फ्रान्समधल्या नांत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमोआन यांनी ही ठेवण ओळखली. दारूचं व्यसन असलेल्या आयांच्या 127 मुलांची हकिगत त्यांनी 1968 साली तिथल्या एका प्रादेशिक वैद्यकीय मासिकात छापली. कोणी फारशी दखल घेतली नाही. 1973 साली सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जग जागं झालं.

लेमोआन यांचं मोठेपण मला त्यापुढच्या कामात दिसतं. त्यांनी या मुलांचा माग सोडला नाही. 1992 साली त्यांनी मोठ्या झालेल्या 105 जणांचा अहवाल दिला. चेहरे वयाबरोबर बदलले होते. बुद्धीच्या आणि वागण्याच्या अडचणी मात्र तशाच होत्या.

चेहऱ्यावर मुळातच काही न दिसण्याचंही कारण सरळ आहे. चेहरा घडतो सुरुवातीच्या काही आठवड्यांत, बाईला दिवस गेल्याचं पुरतं कळायच्या आत. मेंदू घडतो पूर्ण नऊ महिने. दारू वारेतून विनाअडथळा पलीकडे जाते. आईच्या रक्तात जेवढी, जवळपास तेवढीच बाळाच्या रक्तात. बाळाचं यकृत कच्चं, त्यामुळे निचरा आईच्याच भरवशावर. म्हणून नुकसान झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा अगदी चारचौघांसारखा असतो. बिघाड असतो तो स्मरणात, हिशेबात, ‘असं केलं की तसं होतं’ हे उमगण्यात. त्यांना आपण मठ्ठ म्हणतो, द्वाड म्हणतो.

फ्रान्समध्ये 2007 पासून बाटलीवर गरोदर बाईचं चित्र किंवा इशारा सक्तीचा आहे. आपल्याकडच्या सक्तीच्या इशाऱ्यात आरोग्य आहे, गाडी चालवणं आहे, पोटातलं बाळ नाही. ही चूक सुधारायलाच हवी.

दवाखान्यातही ‘दारू घेतेस का?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. ‘आपल्यात बायका कुठे पितात?’ असं म्हणून विषय संपतो. डॉक्टर, नर्सबाई, आशाताई, पहिल्याच तपासणीला विचारा. पण दरडावून नको. घाबरलेली बाई खरं सांगत नाही, आणि पुढच्या खेपेला येतही नाही.

आणि जिच्याकडून घेतली गेली आहे, तिला एवढं नक्की सांगा: किती घेतली तर चालते, असं सुरक्षित माप कुठलंच नाही, पण आज थांबलीस, तर उरलेले सगळे महिने बाळाच्या मेंदूच्या कामी येतील.