उणे ७८चा आकडा आणि मागे न फिरणारी माणसं

फेब्रुवारी २०२३मध्ये ‘उणे ७८’ हा आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टन नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर ३ फेब्रुवारीच्या शुक्रवारी वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे ७८ अंश सेल्सियस भरलं. अमेरिकेत आजवर नोंदलेला हा नीचांक. नुसता पारा म्हणाल तर तो रात्रीतून उणे ४४पर्यंत उतरला आणि वाऱ्याचा एक झोत ताशी २०४ किलोमीटरचा आला. त्या रात्री स्थितांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराची, सीमा इतकी खाली घसरली होती, की शिखर काही काळ स्थितांबरातच गेलं असावं, असं तिथल्या निरीक्षकांचं म्हणणं पडलं.

बातमी तेवढ्यावर संपली. पण तिच्यातला खरा महत्त्वाचा भाग कोणी छापला नाही. ही थंडी येणार, हे आधीच ठाऊक होतं आणि ते जवळपास आकड्यानिशी सांगितलंही गेलं होतं. या डोंगराला ‘लहरी’ आणि ‘बेभरवशाचा’ म्हणायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. हवेवर इतकी बारीक नजर असलेले डोंगर जगात फार थोडे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दीडशेहून जास्त माणसं इथे दगावली. हवेला दोष देऊन या हिशेबातून सुटता येत नाही.

कळसूबाईपेक्षा २७१ मीटर जास्त

उंचीचा आकडा फसवा आहे. माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. बारी गावातून लोखंडी शिड्या चढून कळसूबाईला जाऊन आलेल्या माणसाला हा डोंगर एका दमाचा वाटतो. अंतरही फार नाही. पिंकम नॉच या खिंडीतून टकरमन घळीच्या वाटेने माथा पावणेसात किलोमीटरवर आहे आणि चढ सुमारे १,३०० मीटरचा. बॉस्टनहून गाडीने तीनेक तासांत पायथा गाठता येतो. त्यामुळे ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला निघालेली तिकडची मराठी कुटुंबं, भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन, या डोंगराकडे हमखास वळतात.

वर जायला १८६१पासून गाडीरस्ता आहे आणि १८६९पासून दातेरी रुळांवर चालणारी रेल्वे. ‘ही गाडी माउंट वॉशिंग्टन चढली’ असा स्टिकर बंपरला लावून लोक वर्षभर मिरवतात. ‘जगातलं सर्वांत वाईट हवामान’ ही बिरुदावली टी-शर्टवर छापून विकली जाते. भीतीचा असा बाजार मांडला, की भीती उरत नाही. जिथे मोटार आणि रेल्वे जाते, तिथे पायी जायला काय भ्यायचं, असा हिशेब मनात तयार होतो. पण डोंगर साधारण १,३५० मीटरपर्यंतच झाडं ठेवतो. त्यापुढे नुसते दगड आणि दगडांच्या ढिगाऱ्यांच्या खुणा. तिथे लपायला आडोसा नाही.

झाडांची हद्द संपते तिथे वनखात्याच्या पिवळ्या पाट्या आहेत. मजकुराचा आशय असा: पुढे अमेरिकेतलं सर्वांत वाईट हवामान आहे, उन्हाळ्यातही इथे गारठून माणसं मेली आहेत, हवा बिघडलेली असेल तर आत्ताच मागे फिरा. या पाटीशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात आणि पुढे जातात.

वारा मोजणाऱ्यांची गोष्ट

इथला वारा इतका का माजतो? वादळांच्या तीन मुख्य वाटा या भागात एकमेकींना भेटतात. त्यात ही पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरलेली, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना सरळ आडवी. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाण्याची धार जशी उसळते, तशी खालचा चढ आणि वरचे हवेचे थर यांच्या चिमटीत सापडलेली हवा माथ्यावरून सुसाट निघते. वर्षाचा सरासरी वेगच ताशी ५६ किलोमीटर. ताशी १२० किलोमीटरच्या वर, म्हणजे चक्रीवादळाच्या ताकदीचा वारा वर्षातले सुमारे ११० दिवस असतो. माथा निम्म्याहून जास्त वेळ ढगात असतो. आजवर तिथे पारा २२ अंशांच्या वर गेलेला नाही.

ही मोजदाद करायला १९३२ पासून माथ्यावर वेधशाळा आहे. बर्फाळ रात्री तिथल्या मंडळींना एक काम चुकत नाही. बाहेर मनोऱ्यावर चढायचं आणि उपकरणांवर जमलेला बर्फ लोखंडी पहारीने झोडून पाडायचा. हा बर्फ आकाशातून पडत नाही. गोठणबिंदूखालचे ढगातले थेंब ज्या वस्तूला आदळतात तिच्यावर तिथल्या तिथे गोठतात आणि वारा येतो त्या दिशेला पिसांसारखे वाढत जातात. काही तास लक्ष दिलं नाही, तर वायुवेगमापकाचा पांढरा गोळा होतो.

१२ एप्रिल १९३४ची नोंद याच झोडपण्यामुळे मिळाली. तेव्हाची वेधशाळा म्हणजे साखळदंडांनी खडकाला बांधलेली लाकडी इमारत. पहाटे वेंडेल स्टीफन्सन या निरीक्षकाला जाग आली. बाहेर वाऱ्याचा जो आवाज होता, त्या मानाने उपकरण फार कमी वेग दाखवत होतं. बर्फ चढलाय, हे त्याने ओळखलं. सोटा घेऊन तो बाहेर पडला, शिडीवर चढला, बर्फ झोडला आणि सुखरूप आत आला. दुपारी १ वाजून २१ मिनिटांनी साल्वातोरे पाल्युका आणि त्याच्या सोबत्यांनी स्टॉपवॉच हातात धरून उपकरणाचे टिकटिक ठोके मोजले. उत्तर आलं ताशी ३७२ किलोमीटर. हे कोणाला खरं वाटेल का, अशी शंका पाल्युकाने नोंदवहीतच लिहून ठेवली. पुढे उपकरणाची तपासणी झाली आणि आकडा टिकला. १९९६मध्ये ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ४०८ची नोंद होईपर्यंत, म्हणजे तब्बल ६२ वर्षं, तो जगाचा विक्रम होता. बॅरो बेटावरची नोंद स्वयंचलित यंत्राची. यंत्राशेजारी बसून माणसांनी मोजलेला सर्वांत वेगवान वारा अजूनही १९३४चाच.

मला या गोष्टीतला आकडा दुय्यम वाटतो. यंत्र खोटं बोलतंय हे कानाने ओळखणारा आणि ते दुरुस्त करायला उठणारा माणूस मोठा वाटतो. त्याच परंपरेतली मंडळी आज उंच शिखरांसाठी रोज वेगळा अंदाज काढतात. तो फुकट मिळतो, वाचायला दोन मिनिटं लागतात.

कळतं, पण वळत नाही

आता दुसरी बाजू. सप्टेंबर १८५५. लिझी बोर्न ही २३ वर्षांची तरुणी काका आणि चुलत बहिणीबरोबर दुपारी उशिरा चढायला निघाली. वाटेत अंधार, धुकं आणि वारा. रात्री तिने प्राण सोडला. सकाळी धुकं विरल्यावर कळलं, की माथ्यावरचा निवारा हाकेच्या अंतरावर होता. तेव्हा अंदाज नव्हते, वेधशाळा नव्हती. तिला दोष देता येणार नाही.

३० जून १९००ची गोष्ट मात्र वेगळी. विल्यम कर्टिस हा अमेरिकेतला नामांकित खेळाडू, न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लबच्या संस्थापकांपैकी एक, वय ६३. सोबत तरुण मित्र ॲलन ऑर्म्सबी. माथ्यावर ॲपलॅचियन माउंटन क्लबची सभा होती, तिला दोघं क्रॉफर्ड वाटेने पायी निघाले. वाटेतल्या एका शिखरावर नोंदवही होती. तिच्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पाऊस, जोराचा वारा आणि थंडी यांची नोंद केली. आणि पुढे गेले. ऐन उन्हाळ्यात हिमवादळ आलं आणि दोघंही मेले. क्लबने पुढच्याच वर्षी त्या वाटेवर आसऱ्याची झोपडी बांधली. या डोंगराचा अख्खा इतिहास मला त्या नोंदीत दिसतो. धोका दिसला, लिहून काढला आणि पाऊल पुढे पडलं.

फेब्रुवारी २०१५मध्ये याच रांगेत ३२ वर्षांची एक गिर्यारोहक दगावली. किलिमांजारो, एल्ब्रुस, अकोंकाग्वा, डेनाली या तिच्या पायाखालून गेलेल्या वाटा. सोबत जीपीएस, उपग्रह फोन, संकटकाळी संदेश पाठवणारं यंत्र. त्या दिवसाचा भीषण अंदाज आदल्या दिवसापासून जाहीर होता. मोठ्या शिखरांनी दिलेला आत्मविश्वास लहान डोंगरावर घात करतो. तिला शोधायला निघालेल्या पथकालाही त्याच वाऱ्यात उतरावं लागलं.

गारठून मरायला उणे ७८ लागत नाही, हेही इथे सांगायला हवं. पाच-सहा अंश तापमान, अंगावर भिजलेली जीन्स आणि वारा, एवढं पुरतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं, की हात गाठ मारेनासे होतात, पाय अडखळतात, जीभ जड होते. त्यानंतर जाते ती निर्णयशक्ती. म्हणून मागे फिरायचा निर्णय अंगात ऊब असतानाच घ्यावा लागतो.

बिल कोणी भरायचं?

इशारे डावलणाऱ्यांसाठी न्यू हॅम्पशायरने एक रोखठोक उपाय काढला आहे. गिर्यारोहक स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अडकला असेल, तर सुटकेचा खर्च राज्य त्याच्याकडून वसूल करतं. एकाने कोर्टात भांडून पाहिलं. २०१५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्याच्यावर नऊ हजार डॉलरहून जास्त रकमेचा भार कायम राहिला. ज्यांना ही जोखीम नको, त्यांनी वर्षाला २५ डॉलरचं ‘हाइक सेफ’ कार्ड घ्यावं, कुटुंबासाठी ३५. त्यातून बचावपथकांना पैसा मिळतो. मात्र निव्वळ बेपर्वाईला हे कार्डही वाचवत नाही.

बिलाच्या भीतीने माणूस मदत उशिरा मागेल, हा आक्षेप खरा आहे. तरीही विषय आपल्याकडे बोलायला हवा. सह्याद्रीत पावसाळ्यात हवामान खात्याचा रेड अलर्ट असतो, जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असतो, आणि रविवारी गडाच्या पायथ्याला गाड्यांची रांग असते. कोणी घसरलं की रात्री दोर घेऊन धावतात ती स्थानिक पोरं आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, बहुतेकदा पदरमोड करून. दंड नको असेल तर निदान या पथकांसाठी पाच-पन्नास रुपयांचं कार्ड काढायला काय हरकत आहे?

येत्या उन्हाळ्यात मुलांकडे बॉस्टनला जाणाऱ्यांनी माउंट वॉशिंग्टन जरूर बघावा. रेल्वेने गेलात तर कमीपणा नाही. पायीच जायचं असेल तर सकाळी उंच शिखरांचा अंदाज वाचा, सुती कपडे घरी ठेवा आणि मागे फिरायची वेळ गाडीत बसतानाच ठरवून घरी कोणाला तरी सांगून ठेवा. ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरा.