मागाठाण्यात ‘ठाणे’ कसे सापडते?

बोरीवली पूर्वेचे मागाठाणे आता मेट्रोच्या स्थानकामुळे आणि १५४ क्रमांकाच्या विधानसभा मतदारसंघामुळे सर्वांच्या ओळखीचे आहे. एखाद्या संस्थेच्या एक्सेल यादीतून ठाण्याचे पत्ते वेगळे काढायचे असले की बहुतेक जण एकच सूत्र वापरतात. ‘सर्च’ हे फंक्शन सेलमध्ये ‘ठाणे’ शोधते आणि सापडल्यास ते कितव्या स्थानापासून सुरू होते तो आकडा देते. न सापडल्यास एरर येते. त्याला ‘इजनंबर’ची जोड दिली की उत्तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे मिळते. या सूत्रानुसार मागाठाणे येथील प्रत्येक रहिवासी ठाणेकर ठरतो. पत्त्यात ‘पोलीस ठाणे, बोरीवली’ असे असेल तर तोही ठाण्यात जातो. उलट ‘सध्या ठाण्यात मुक्काम’ असा शेरा असलेली खरीखुरी ठाण्याची नोंद गळून पडते, कारण सामान्यरूप होताना ‘ठाणे’तला एकार गेला आणि शोधलेली अक्षरे त्या सेलमध्ये उरलीच नाहीत. पुणे-पुण्यात, वांद्रे-वांद्र्याला, सगळीकडे हेच होते. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कुठेही आले तरी तसेच राहते, म्हणून तिथे हे सूत्र बऱ्यापैकी निभावते. मराठीत नाव विभक्तीबरोबर बदलते. सूत्र मात्र दोन्ही वेळा अचूक चालले आहे. या सेलमध्ये ही चिन्हे या क्रमाने आहेत का, एवढाच प्रश्न त्याला विचारला गेला होता. त्याचे उत्तर आपण ‘हा माणूस ठाण्याचा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतो आणि खरी चूक तिथे होते.

संगणक नाव कसे साठवतो ते पाहिले की हे स्पष्ट होते. ‘बोरीवली’ आपण चार अक्षरांत वाचतो, पण युनिकोडमध्ये ती सात चिन्हे आहेत: ब, ओकाराची खूण, र, दीर्घ वेलांटी, व, ल आणि पुन्हा दीर्घ वेलांटी. प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो. दीर्घ वेलांटीचा २३६८, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. ‘बोरीवली’ आणि ‘बोरिवली’ यांच्यात या एका आकड्याचाच फरक आहे, आणि दोन्ही रूपे पाट्यांवर, वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांवर सर्रास दिसतात. वाचणाऱ्याला तो फरक जाणवतही नाही. ‘सर्च’ला मात्र तेवढ्यावर नाव सापडत नाही. डोळ्यांना दिसतच नाहीत असे फरक तर आणखी त्रासदायक असतात. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक प्रकार म्हणजे ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण ‘लेन’ या फंक्शनने लांबी मोजली तर दुसऱ्यात एक चिन्ह जास्त भरते. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात कधी १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा येते, आणि ‘ट्रिम’ फंक्शन ती काढत नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेल्या याद्यांची गोष्ट तर वेगळीच. त्यांत मराठी अक्षरांच्या आड रोमन चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात, त्यामुळे तिथे ‘बोरीवली’ शोधून काहीच हाती लागत नाही. स्प्रेडशीटचा जन्मच मुळी आकडेमोडीसाठी झाला. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये मजकुराचे मुख्य काम आकड्यांना नाव देण्याचे होते. आज त्याच चौकटींत आपण माणसांचे पत्ते भरतो.

यावर पहिला आक्षेप शुद्धलेखनाच्या बाजूने येतो: नावाचे एकच रूप ठरवा आणि सर्वांना तेच लिहायला लावा. असे प्रयत्न झालेही आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचे ठरवले, म्हणून नागपूर, सोलापूर ही रूपे स्थिर झाली. जीवशास्त्रात तर त्याहून मोठा बदल करावा लागला. मार्च-१, सेप्ट-१ अशी मानवी जनुकांची नावे एक्सेल परस्पर तारखांत बदलून टाकत होते. शेवटी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली, आणि २०२० साली तिने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे कारण स्पष्टपणे नोंदवले. पण जनुकांची नावे एक समिती ठरवते. बोरीवलीचे नाव रोज हजारो हात लिहितात, आणि जुन्या याद्यांतल्या नोंदी कोणत्याही नियमाने आपोआप सुधारत नाहीत. लिहिणाऱ्याला शिस्त लावण्यापेक्षा शोधणाऱ्याने सहिष्णू होणे शक्य आहे आणि न्याय्यही. ‘सब्स्टिट्यूट’ वापरून शोधशब्द आणि सेल या दोन्हींतल्या २३६८ च्या जागी २३६७ घातला की दोन्ही बोरीवल्या जुळतात. हीच युक्ती उकारालाही चालते. हे वेगळ्या रकान्यात करावे, मूळ नोंदीला हात लावू नये. गावांच्या नावांसाठी ही युक्ती चांगली आहे, पण सामान्य मजकुरात ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होऊन बसतील.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. जवळपास जुळणारे शब्द शोधणारी साधने आता सहज मिळतात, मग एवढी यातायात कशाला? कारण सैल शोधाला सीमा आखून द्यावी लागते. एका चिन्हाचा फरक चालवला तर ‘बोरिवली’ मिळते. चार चिन्हांचा चालवला तर त्याच जाळ्यात डोंबिवलीही येते, कारण बोरीवलीपासून ती चारच बदलांच्या अंतरावर आहे. शिवाय भिवंडी तालुक्यात पडघ्याजवळही बोरिवली नावाचे गाव आहे. तिथे स्पेलिंगचा प्रश्न नाही, अक्षरे तंतोतंत जुळतात, फक्त गाव वेगळे आहे. अक्षरे कितीही हुशारीने जुळवली तरी ही चूक पकडता येणार नाही. ती माहिती त्या अक्षरांत नाहीच.

ही अडचण टपाल खात्याला संगणकापूर्वीच भेटली होती. एकाच नावाची अनेक गावे, चुकीचे पत्ते आणि अनेक भाषा-लिप्यांतली पाकिटे यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले मराठी अधिकारी, आणि संस्कृतचे कवी व नाटककारही. अक्षरांवर इतके प्रेम असलेल्या माणसाने पत्त्यासाठी अंक निवडले, हे मला महत्त्वाचे वाटते. बोरीवली पूर्वेचा ४०००६६, पश्चिमेचा ४०००९२, आणि भिवंडीकडचे पिन ४२१ ने सुरू होतात. वेलांटी कोणतीही असो, लिपी कोणतीही असो, हा फरक टिकतो. खेड्यांसाठी केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले गावनिहाय संकेतांक हेच काम करतात.

पिनही चुकीचा लिहिला जातो, हा आक्षेप खरा आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून पडताळता येतो. पिनमध्ये तशी सोय नाही, त्यामुळे एक अंक बदलला तर दुसराच भाग निघतो. म्हणून फक्त पिनवर भिस्त ठेवणेही चुकीचे. नाव आणि पिन अशा दोन स्वतंत्र साक्षी हव्यात. दोन्ही जुळल्या तर नोंद पुढे जावी. एक जुळली आणि दुसरी नाही, तर ती नोंद माणसाने डोळ्यांखालून घालावी. एक्सेलमध्ये ‘अँड’ने जोडलेल्या दोन अटी यासाठी पुरतात.

गृहनिर्माण संस्था, शाळा, दवाखाने आणि मंडळे यांच्या याद्या सांभाळणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: पिनकोडला स्वतंत्र रकाना द्या, तो पत्त्याच्या ओळीत कोंबू नका, आणि ‘फॉल्स’ आलेल्या ओळी डोळ्यांनी तपासल्याशिवाय कुणाचेही नाव यादीतून काढू नका.